दहा गावांचे संचालक, एक कंपनी आणि एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप : लांबून चालणारा कारभार कसा सांभाळायचा?

तालुक्याच्या ठिकाणी एक गाळा, आत टेबल, संगणक, प्रिंटर आणि दारावर फलक. शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस बहुतेक ठिकाणी एवढंच असतं. तिथं सीईओ आणि हिशेब लिहिणारा मुलगा बसतो. अध्यक्ष वीस किलोमीटरवरच्या गावात. बाकीचे संचालक आठ-दहा गावांत पांगलेले. कुणी रानात पाणी देतंय, कुणी लग्नाला गेलंय, कुणी पुण्याला मुलाकडं. खरेदी केंद्र आणखी तिसऱ्याच गावात. तरी कंपनीचा कारभार रोज चालवावाच लागतो, आणि तो चालतो फोनवर.

शहरातल्या कंपन्यांत अशा मंडळींना 'रिमोट' आणि 'हायब्रिड' टीम म्हणतात. सगळेच आपापल्या जागेवरून काम करत असतील तर रिमोट. काही जण ऑफिसात आणि काही बाहेर असतील तर हायब्रिड. गावातल्या एखाद्या घरात मुलगा किंवा सून लॅपटॉपवर पुण्याच्या कंपनीचं काम करताना दिसते, ती या प्रकारातली. पण आपली शेतकरी कंपनी, दूध संकलन केंद्रांची साखळी, महिला बचत गटांचा प्रभागसंघ, हे सगळंही हायब्रिडच आहे. फरक इतकाच की शहरातल्या कंपन्यांनी त्यासाठी नियम बसवले, आपल्याकडं मात्र सगळं एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोडून दिलं जातं.

हा विषय आताच का?

केंद्र सरकारने २०२० मध्ये देशात १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभ्या करण्याची योजना सुरू केली. मैदानी भागात किमान ३०० सभासद ही अट. त्यात एका संस्थेला तीन वर्षांत मिळून १८ लाख रुपयांपर्यंत व्यवस्थापन खर्चासाठी मदत ठेवली आहे. सीईओचा आणि हिशेबनीसाचा पगार, ऑफिसचं भाडं, प्रवास असा खर्च त्यातून भागतो. याशिवाय सभासदाने भरलेल्या भागभांडवलाइतकीच रक्कम, एका सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि एका संस्थेला जास्तीत जास्त १५ लाख, अनुदान म्हणून मिळू शकते.

पण व्यवस्थापन खर्चाची मदत तीन वर्षांचीच आहे. ती संपली की पगार कंपनीला स्वतःच्या धंद्यातून काढावा लागतो. तोपर्यंत कारभाराची घडी बसली नाही, तर सीईओ दुसरी नोकरी धरतो, गाळ्याला कुलूप लागतं आणि सभासदांचे शेअरचे पैसे अडकून पडतात. तेव्हा मग बाजाराला नावं ठेवली जातात. पण बऱ्याच वेळा त्याआधीच निरोप पोचायचे बंद झालेले असतात. कुणी काय ठरवलं हे कुणालाच सांगता येत नाही आणि संचालकांचा एकमेकांवरचा भरवसा उडालेला असतो.

मोठ्या कंपन्यांचा अनुभव काय सांगतो?

घरून काम केलं की माणूस आळशी होतो, असा एक समज आहे. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीने २०१० च्या शेवटी कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांवर नऊ महिने प्रयोग केला. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यासला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं आणि नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण दुसरी बाजूही निघाली. प्रयोग संपल्यावर अनेकांना ऑफिसात परत यायचं होतं, कारण घरी एकटं वाटत होतं. शिवाय काम चांगलं असूनही घरून काम करणारे बढतीत मागं पडत होते.

त्याच कंपनीतला दुसरा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात दोन दिवस घरून आणि तीन दिवस ऑफिसात अशी विभागणी केली, तेव्हा कामात तोटा झाला नाही, बढतीवरही परिणाम दिसला नाही, आणि नोकरी सोडणारे एक तृतीयांशाने कमी झाले.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. लांबून काम होतं, नीट होतं. पण लांबचा माणूस डोळ्याआड जातो आणि डोळ्याआड गेलेल्याचा विचार मागं पडतो. आपल्या कंपनीतही हेच घडतं. तालुक्याच्या गाळ्यावर रोज चहाला येणारे तीन संचालक सगळं ठरवतात आणि लांबच्या गावातल्यांना फक्त सहीसाठी बोलावणं येतं.

गिटलॅब नावाची सॉफ्टवेअर कंपनी तर ऑफिसशिवायच चालते. तिचे लोक साठहून जास्त देशांत आहेत. त्यांचा मुख्य नियम साधा आहे, कामाची पद्धत आणि ठरलेली गोष्ट लिहून ठेवायची. सगळं एका पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि नवा माणूस आला की आधी ती वाचतो. म्हणजे कुणाला तरी फोन करून 'ते कसं करायचं असतं?' असं विचारायची वेळच कमी येते. आपल्याकडं दहा पानांची वही केली तरी चालेल.

बिघडतं कुठं?

एक उदाहरण बघू. समजा, सोयाबीनची खरेदी चालू आहे. बाजार पडला म्हणून ऑफिसने सकाळी ग्रुपवर टाकलं, 'आजपासून ४,२०० ने घ्या.' आदल्या दिवशीचा दर ४,३५० होता. त्या मेसेजनंतर ग्रुपवर एक वाढदिवस निघाला. पंचवीस जणांनी केकचे फोटो टाकले. केंद्रावरचा माणूस काट्यावर उभा होता, बारदाना मोजत होता. त्याने दुपारी मोबाईल उघडला तेव्हा दराचा मेसेज कुठल्या कुठं वर गेलेला. त्याने संध्याकाळपर्यंत ८० क्विंटल जुन्याच दराने घेतलं. क्विंटलमागे १५० रुपये, म्हणजे एका दिवसात १२,००० रुपयांचा खड्डा.

आता भांडण सुरू. ऑफिस म्हणतं, मेसेज टाकला होता. केंद्रवाला म्हणतो, मला कुणी फोन केला का? दोघंही खरं बोलतात. यात कुणी चोर नाही. मेसेज टाकला म्हणजे निरोप पोचला असं सगळ्यांनी धरून चालणं, हे खरं दुखणं आहे.

उपाय पहिला : ग्रुप वेगळे करा

एका कंपनीला निदान तीन ग्रुप लागतात.

पहिला ग्रुप फक्त सूचनांचा. दर, खरेदीच्या तारखा, सभेची नोटीस, खताची गाडी कधी येणार, एवढंच त्यावर. सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतील' असं करून ठेवायचं. मग त्यावर केक येत नाही.

दुसरा ग्रुप कामाचा. त्यात संचालक, सीईओ, हिशेबनीस आणि केंद्रांवरची माणसं. प्रश्न, अडचणी, उत्तरं इथं.

तिसरा गप्पांचा. शुभेच्छा, देवाचे फोटो, लग्नपत्रिका सगळं इथं. हा ग्रुप बंद करू नका. माणसं रोज भेटत नाहीत, म्हणून तर त्याची गरज आहे. फक्त तो वेगळा ठेवा.

दराचा मेसेज ग्रुपच्या वरच्या बाजूला पिन करता येतो. तो २४ तास, सात दिवस किंवा ३० दिवस तिथंच राहतो. दर बदलला की जुना काढून नवा पिन करायचा. केंद्रावरच्या माणसाने काटा चालू करण्याआधी पिन केलेला दर बघायचा, हा रोजचा नेम ठरवून टाका.

उपाय दुसरा : मेसेजमध्ये चार गोष्टी

कामाच्या प्रत्येक मेसेजमध्ये चार गोष्टी असल्या पाहिजेत. काय करायचं, कुणी करायचं, कधीपर्यंत करायचं, आणि झालं की कुणाला कळवायचं.

'कुणीतरी बारदान्याचं बघा' हा मेसेज कामाचा नाही. 'कुणीतरी' म्हणजे कुणीच नाही. दहा जण वाचतात, दहाही जण दुसरा बघेल असं धरतात.

त्याऐवजी असं लिहा : 'केंद्र क्रमांक २ साठी ५०० बारदाने. आणायचे तात्यांनी. गुरुवारी दुपारी १२ पर्यंत. पोचले की पावतीचा फोटो याच ग्रुपवर.' यात कुणाला काही विचारायला जागाच राहत नाही.

वाचणाऱ्याचंही एक काम आहे. 'ओके'चा अंगठा दाखवणं पुरेसं नाही, कारण अंगठा म्हणजे वाचलं की मान्य की करतो, हे कळत नाही. केंद्रावरच्या माणसाने दर परत लिहून पाठवायचा, 'केंद्र २, आज ४,२००, ओलावा १२ टक्क्यांपर्यंत.' औषधाच्या दुकानात डोस परत विचारून घेतात तसंच हे. अर्ध्या तासात असं उत्तर आलं नाही तर ऑफिसने थेट फोन लावायचा. वरच्या उदाहरणातले १२,००० रुपये एका फोनने वाचले असते.

व्हॉइस मेसेजचं काय करायचं?

रानात हात चिखलाने भरलेले असताना टाइप करणं जमत नाही, हे खरं आहे. म्हणून आपल्याकडं व्हॉइस मेसेज जास्त चालतात. त्याला हरकत नाही. पण चार मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये दर नेमका कुठं सांगितला हे महिन्याने शोधायला गेलं तर सगळं परत ऐकावं लागतं. ऐकताना शेजारी ट्रॅक्टर चालू असेल तर चौदाचे चाळीस होतात.

म्हणून चर्चा व्हॉइसवर करा, पण ठरलेली गोष्ट एका ओळीत टाइप करा. बोलणाऱ्याला टाइप जमत नसेल तर ऑफिसातल्या मुलाने ती ओळ लिहायची आणि बोलणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं. आकडे, तारखा आणि पैसे हे तिन्ही नेहमी लिहूनच.

आणि कंपनीच्या ग्रुपवर आपोआप गायब होणाऱ्या मेसेजची सेटिंग बंद आहे ना, हे आजच तपासा.

अर्धे खोलीत, अर्धे फोनवर

हायब्रिड मीटिंगचा सगळ्यात मोठा घोळ इथं होतो. ऑफिसात सहा जण टेबलाभोवती बसतात, मधे एक मोबाईल स्पीकरवर ठेवतात आणि चार जण लांबून जोडलेले असतात. खोलीतले सहा जण एकाच वेळी बोलतात, हसतात, चहाचे कप वाजतात. लांबच्यांना त्यातलं काहीच ऐकू येत नाही. थोड्या वेळाने ते फोन चालू ठेवून आपल्या कामाला लागतात. शेवटी अध्यक्ष म्हणतात, 'सगळ्यांना मान्य आहे ना?' पलीकडून आवाज येत नाही, म्हणून मान्य धरलं जातं. पुढं महिन्याने तोच संचालक म्हणतो, 'मला हे माहीतच नाही.'

यावर पाच साधे नियम आहेत.

एक, विषय आदल्या दिवशी लिहून पाठवा. तीन किंवा चारच विषय. खर्चाचा विषय असेल तर आकडा आणि कोटेशनचा फोटो आधीच द्या.

दोन, बोलणाऱ्याने आधी आपलं नाव सांगायचं. आवाजावरून प्रत्येकाला प्रत्येक जण ओळखू येत नाही.

तीन, प्रत्येक विषयावर लांबच्यांना आधी बोलू द्या. खोलीतल्यांचं नंतर. या एका नियमाने निम्मी नाराजी जाते.

चार, 'सगळ्यांना मान्य?' असं मोघम विचारू नका. नाव घेऊन प्रत्येकाला विचारा आणि हो किंवा नाही लिहून घ्या.

पाच, मीटिंग संपताना ठरलेल्या गोष्टी मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याच रात्री कामाच्या ग्रुपवर टाका.

मीटिंग चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका. मोबाईलची बॅटरी आणि माणसाचं लक्ष, दोन्ही तेवढ्यातच उतरतं.

वेळ, लाइट आणि रेंज

शहरातल्या टीमला वेगवेगळ्या देशांतल्या घड्याळांचा मेळ घालावा लागतो. आपल्याला शेतीच्या लाइटचा घालावा लागतो. एका फीडरला दिवसा लाइट असते, दुसऱ्याला रात्री. रात्रपाळीची लाइट असलेला संचालक पहाटेपर्यंत मोटारीवर असतो. त्याला सकाळी आठच्या मीटिंगला न येण्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. दूध घालायची वेळ सकाळ-संध्याकाळ ठरलेली असते. म्हणून कोणत्या गावाला कधी लाइट, कुणाची धार कधी, याचा एक कागद करा आणि सगळ्यांना जमेल असा आठवड्यातला एकच वार आणि एकच वेळ ठरवा. वार ठरला की रोज फोन करून 'आज जमेल का' विचारायची कटकट संपते.

ज्या गावात नेट धड चालत नाही तिथं व्हिडिओचा हट्ट धरू नका. साध्या कॉलच्या कॉन्फरन्सला डेटा लागत नाही, बोलण्यापुरतं ते पुरतं. अगदीच रेंज नसेल तर त्या संचालकाने आपलं मत आधी लिहून पाठवावं आणि ते मीटिंगमध्ये वाचून दाखवावं.

आणि प्रत्येक गोष्टीला मीटिंग लागत नाही. रोजची आवक, शिल्लक माल, बँकेतली रक्कम हे संध्याकाळी सातला एका ठरलेल्या नमुन्यात टाकलं की ज्याला जेव्हा वेळ तेव्हा तो वाचतो. मीटिंग फक्त ठरवायच्या गोष्टींसाठी ठेवा.

ताई ग्रुपवर आहेत, पण फोन कुणाकडं?

अनेक कंपन्यांत महिला संचालक आहेत. काही कंपन्या तर पूर्ण महिलांच्याच आहेत. कागदावर ताईंचं नाव असतं, ग्रुपवर मात्र नंबर मुलाचा किंवा मालकांचा असतो. निरोप त्यांच्याकडं पोचतो आणि तिथंच थांबतो. मग ताई सभेत गप्प बसतात आणि लोक म्हणतात, त्यांना कारभारातलं कळत नाही. त्यांच्यापर्यंत विषयच आला नाही, तर कळणार कसं?

अशा वेळी ताईंच्या हातात फोन असतो ती वेळ विचारून घ्या आणि ऑफिसने त्या वेळी थेट त्यांच्याशी बोलावं. कंपनीच्या कामासाठी साधा स्मार्टफोन घेणं परवडत असेल तर तो ठराव करून द्यावा. त्याचा खर्च एका चुकलेल्या खरेदीच्या तोट्याहून कमी असतो.

फोनवर काय चालतं आणि कायद्याला काय लागतं?

उत्पादक कंपनी ही कंपनी कायद्याखाली नोंदलेली असते. इथं गावच्या मंडळासारखं तोंडी चालत नाही. काही नियम प्रत्येक संचालकाला माहीत असायला हवेत.

संचालक किमान पाच आणि जास्तीत जास्त पंधरा. संचालक मंडळाची सभा तीन महिन्यांतून निदान एकदा आणि वर्षात निदान चार वेळा. तिची लेखी नोटीस सात दिवस आधी. तातडीचं असेल तर कमी मुदतीची नोटीस चालते, पण कारण लिहून ठेवावं लागतं. सभेला एकूण संचालकांच्या एक तृतीयांश आणि किमान तीन संचालक हजर हवेत. सभेचं इतिवृत्त, म्हणजे प्रोसिडिंग, ३० दिवसांत लिहून पूर्ण करावं लागतं.

कंपनी कायदा संचालकांना व्हिडिओ कॉन्फरन्सने सभेत भाग घ्यायला मुभा देतो. पण माणूस ओळखता आला पाहिजे आणि सभेचं रेकॉर्डिंग जपून ठेवता आलं पाहिजे. साध्या फोन कॉलवरची हजेरी त्यात धरता येत नाही. म्हणून रोजच्या कामाची मीटिंग फोनवर घ्या, पण संचालक मंडळाची कायदेशीर सभा समोरासमोर किंवा नीट व्हिडिओवर घ्या. आपल्या सीए किंवा कंपनी सेक्रेटरीकडून पद्धत एकदा लिहून घेतलेली बरी.

वर्षाचे हिशेब मंजूर करणं, अंदाजपत्रक, सभासदांना द्यायचा बोनस हे विषय सर्वसाधारण सभेचेच. ते संचालकांनी ग्रुपवर अंगठे दाखवून मंजूर होत नाहीत. त्या सभेला एकूण सभासदांपैकी एक चतुर्थांश लागतात. कंपनीचे ४०० सभासद असतील तर १०० जण हवेत. नुसत्या मेसेजवर शंभर माणसं जमत नाहीत. त्यासाठी गावोगावच्या संचालकाने घरोघरी सांगावं लागतं.

आता यात धोका कुठं आहे ते बघा. ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र दरवर्षी सरकारकडं भरावं लागतं. उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये दंड लागतो. दोन फॉर्म २०० दिवस राहिले तर ४०,००० रुपये होतात. सलग तीन वर्षं भरलं नाही तर संचालक अपात्र ठरतात आणि पाच वर्षं दुसऱ्या कंपनीतही संचालक होता येत नाही. २०१७ मध्ये केंद्राच्या कंपनी मंत्रालयाने याच कारणावरून देशभरात तीन लाखांहून जास्त संचालकांना अपात्र ठरवलं होतं. गावातला संचालक समजतो, ऑफिसने भरलं असेल. ऑफिस समजतं, सीएने भरलं असेल. सीए सहीची वाट बघत बसलेला असतो.

म्हणून फॉर्म भरला की त्याची पावती सूचनांच्या ग्रुपवर टाकायचीच, असा ठराव करा. पावती दिसली नाही तर काम झालं नाही असं धरा.

पैसा आणि ओटीपी

लांबून कारभार चालतो तेव्हा ऑफिसातून फोन येतो, 'काका, एक ओटीपी आलाय, सांगा पटकन.' काका सांगतात. माणूस विश्वासाचा असतो, पण सवय वाईट लागते. उद्या तोच फोन ठगाकडून आला तरी काका ओटीपी सांगून मोकळे होतात.

बँकेत कंपनीच्या खात्याला अशी सोय मागा की एकाने रक्कम भरायची आणि दुसऱ्याने आपल्या मोबाईलवरून बघून मंजूर करायची. मग ओटीपी एकमेकांना सांगावाच लागत नाही.

डिजिटल सहीची पेन ड्राइव्हसारखी चावी अनेक संचालक दुसऱ्याकडं ठेवून मोकळे होतात. ती म्हणजे तुमची सहीच आहे. ती ठेवावीच लागली तर कुणाकडं आहे आणि कोणत्या कागदासाठी कधी वापरली, याची वही ठेवा.

अध्यक्षांच्या नावाने मेसेज आला, 'या नव्या खात्यावर लगेच पैसे टाका,' तर पैसे टाकायचे नाहीत. आधीपासून जतन असलेल्या नंबरवर फोन लावून आवाज ऐकायचा, मगच पुढं. फसवणूक झालीच तर उशीर न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता जास्त.

उद्या सीईओने नोकरी सोडली तर?

ग्रुपचा अ‍ॅडमिन तोच. कंपनीचा ईमेल त्याच्याच मोबाईल नंबरवर. व्यापाऱ्यांचे नंबर त्याच्या फोनमध्ये. पासवर्ड त्याच्या डोक्यात. तो गेला की निम्मी कंपनी त्याच्याबरोबर जाते, मग तो कितीही भला माणूस असो.

यावर उपाय आजच करता येतो. कंपनीच्या नावावर सिम घ्या आणि ते एका साध्या फोनमध्ये ऑफिसातच ठेवा. ईमेल, जीएसटी, बँक, सगळीकडं तोच नंबर द्या. प्रत्येक ग्रुपला निदान तीन अ‍ॅडमिन ठेवा. पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात सीलबंद करून अध्यक्षांकडं द्या आणि माणूस बदलला की पासवर्डही बदला. दर कसा ठरतो, ओलावा कसा मोजायचा, पट्टी कशी करायची, पैसे किती दिवसांत द्यायचे, हे मघाच्या दहा पानी वहीत लिहा. नवा माणूस आठ दिवसांत कामाला लागला पाहिजे.

फोनने सगळं होत नाही

लेखी निरोप, ग्रुप, वही हे सगळं असलं तरी माणसं एकमेकांना ओळखत नसतील तर साधा मेसेजही टोचतो. 'हिशेब पाठवा' हे वाक्य ओळखीच्या माणसाकडून आलं तर काम वाटतं, अनोळखीकडून आलं तर संशय वाटतो. म्हणून महिन्यातून एकदा तरी सगळ्यांनी समोर बसायला हवं. ती बैठक नेहमी तालुक्यालाच नको. एकदा या गावात, एकदा त्या. ज्या गावात बैठक, तिथल्या संचालकाचं खरेदी केंद्र, गोदाम आणि शिवार सगळ्यांनी बघायचं. केंद्रावर हमाल मिळत नाही, रस्ता खचलाय, काटा उन्हात आहे, हे ऑफिसात बसून शंभर मेसेज वाचूनही कळत नाही. एकदा गेलं की कळतं.

भांडणाचा विषय मात्र ग्रुपवर कधीच काढू नका. एखाद्या संचालकाबद्दल शंका असेल तर आधी त्याला फोन करा, नंतर भेटा, तरी मिटलं नाही तर सभेत मांडा. ग्रुपवर चारशे लोकांसमोर लिहिलेला शब्द माघारी घेता येत नाही, कारण तोवर त्याचा स्क्रीनशॉट गावभर फिरलेला असतो.

या आठवड्यात करायची सहा कामं

१. सूचना, काम आणि गप्पा असे तीन ग्रुप वेगळे करणं.

२. आजचा दर पिन करणं आणि केंद्राने तो परत लिहून पाठवायचा नेम सुरू करणं.

३. साप्ताहिक मीटिंगचा एक वार, एक वेळ ठरवणं. त्यासाठी गावनिहाय लाइटचा कागद करणं.

४. गेल्या तीन वर्षांचे वार्षिक फॉर्म भरल्याच्या पावत्या सीएकडून मागवून ग्रुपवर टाकणं.

५. कंपनीच्या नावाचं सिम आणि तीन अ‍ॅडमिन.

६. डिजिटल सहीच्या चाव्या कुणाकडं आहेत, याची यादी.

यातल्या कशालाच मोठा खर्च नाही, अनुदानाची वाट बघायची गरज नाही. चौथ्या कामापासून सुरुवात केली तर उत्तम. सभासद असाल तर आपल्या गावच्या संचालकाला एवढंच विचारा, 'दादा, यंदाची पावती बघितली का?' पावती ग्रुपवर दिसली तर चांगलंच. नसेल तर सीएला फोन आजच लावायला सांगा, कारण उशिराचा प्रत्येक दिवस फॉर्ममागे शंभर रुपये घेऊन जातो आणि ते पैसे सभासदांचेच असतात.